आपण मूळचे कुठले?

परवा सकाळी चहाचा कप घेऊन बाहेरच्या खोलीत आलो, तर आमचा नातू टेबलाशी ताठ बसलेला. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात टाय, केस चापूनचोपून बसवलेले. मला अगदी भरून आलं. तेवढ्यात टेबलाखाली नजर गेली. खाली हाफ पँट आणि पायांत न्हाणीघरातल्या सपाता.

"हे काय रे सोंग?"

"आजोबा, इंटरव्ह्यू आहे. कॅमेऱ्यात कमरेपर्यंतच दिसतं."

"आणि घेणारे साहेब?"

"साहेब नाहीत. स्क्रीनवर प्रश्न येतो, दोन मिनिटांत उत्तर बोलायचं, ते रेकॉर्ड होतं. बस्स."

आमच्या वेळी साहेब तीन आणि उमेदवार तीनशे असत. आता साहेब शून्य आणि उमेदवार अर्धा, इथवर प्रगती झाली आहे. मी गुपचूप आत वळणार, एवढ्यात तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही ऑफिसात इंटरव्ह्यू घ्यायचात ना? काही टिप्स द्या की."

आता, दूध उतू गेलं की नाही यापलीकडे या घरात माझं मत कुणी विचारत नाही. त्यामुळे मी खुर्ची ओढली, घसा साफ केला आणि सुरुवातीपासून सुरुवात केली. म्हणजे कौटिल्यापासून. नातवाकडे वीस मिनिटं होती. कौटिल्याच्या दुसऱ्या परीक्षेपर्यंत मी पोचलो, तोवर त्याने कानांत ती पांढरी बोंडं घातली. तेव्हा उरलेला इतिहास आता तुम्हाला ऐकावा लागणार. तुमच्या कानांत बोंडं नाहीत असं मी गृहीत धरतो.

तर कौटिल्य. त्याचा 'अर्थशास्त्र' हा ग्रंथ कित्येक शतकं बेपत्ता होता. १९०५ साली म्हैसूरच्या आर. शामशास्त्रींना त्याची पोथी मिळाली आणि १९०९ साली तो छापून निघाला. त्यात राजाने अमात्य कसे पारखावेत याचं एक प्रकरण आहे. समोर बसवून चार प्रश्न विचारण्यावर या गृहस्थाचा काडीचा विश्वास नव्हता. त्याच्या परीक्षा चार : धर्म, अर्थ, काम आणि भय. राजाने पुरोहिताला खोटंखोटं काढून टाकायचं. मग पुरोहिताची माणसं गुपचूप एकेका अमात्याकडे जाऊन सांगणार, की राजा अधर्मी आहे, दुसरा बसवू, बाकी सगळे तयार आहेत, तुमचं काय? ही धर्माची परीक्षा. पैशाचं आमिष दाखवून तोच प्रश्न सेनापतीकडून, ही अर्थाची. तिसऱ्या परीक्षेत एक संन्यासिनी येऊन कानात सांगणार, की महाराणीचं तुमच्यावर मन बसलंय. चौथीत सगळ्यांना आधी तुरुंगात टाकायचं आणि मग एका बनावट विद्यार्थ्याने प्रत्येकाच्या कानाशी लागायचं, की या राजाला आता मारूनच टाकू.

निकालही मोठा व्यवस्थित. धर्माच्या परीक्षेत पास तो न्यायदानाला, पैशाच्या परीक्षेत पास तो तिजोरीला आणि वसुलीला, चारही पास तो मंत्री. आणि चारही नापास? त्यांना खाणी, लाकडाची आणि हत्तींची जंगलं, नाहीतर कारखाने. म्हणजे कौटिल्याच्या राज्यात सगळीकडे नापास झालेला माणूससुद्धा बेकार राहत नसे. आमच्या ऑफिसात चारही परीक्षांत नापास झालेली मंडळी हत्तींकडे न जाता खरेदी खात्यात जात, एवढाच काय तो फरक.

पण कौटिल्य शहाणा. शेवटी तो राजाला बजावतो, की असल्या परीक्षेत स्वतःला किंवा राणीला आमिष म्हणून वापरू नका. निर्मळ पाण्यात विष कालवल्यासारखं होईल ते. एकदा बिघडलेल्या मनाला पुढे औषध सापडेलच असं नाही. परीक्षा घेणाऱ्याने आपल्या हातून काय बिघडतंय तेही पाहावं, हे त्याने इतक्या आधी सांगून ठेवलंय. हे वाक्य मुलाखत घेणाऱ्यांच्या खुर्चीमागे टांगायला हवं होतं. आम्ही तिथं कॅलेंडर टांगत आलो.

चिनी लोकांनी मात्र माणूस समोर बसवला. तांग घराण्याच्या काळात, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी, तिथं लेखी परीक्षा पास झालं तरी नोकरी मिळत नसे. त्यानंतर नेमणुका करणाऱ्या खात्यापुढे उभं राहावं लागे. तिथं चार गोष्टी बघत : अंगकाठी, बोलणं, अक्षर आणि निवाडा करण्याची अक्कल. क्रम बघा. अंगकाठी पहिली, अक्कल शेवटी. हान यू नावाचा त्यांचा मोठा गद्यलेखक लेखी परीक्षेत चौथ्या खेपेला ७९२ साली पास झाला आणि पुढे या खात्याच्या परीक्षेत तीन वेळा नापास झाला. त्याचं गद्य चिनी मुलं आजही शिकतात. त्याला नापास करणाऱ्यांचं काय झालं ते कुणी शिकवत नाही.

आता आपल्याकडे या. ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांची निवड फार सोपी होती. कंपनीच्या डायरेक्टरने नाव सुचवायचं. की पोरगा १८०६ साली निघालेल्या हेलिबरी कॉलेजातून थेट हिंदुस्थानात. 'तुला काय येतं' यापेक्षा 'तू कुणाचा भाचा' हा प्रश्न मोठा होता. वशिला हा शब्द आपण उगाच आपलाच समजतो. १८५५ पासून लंडनला खुली लेखी परीक्षा सुरू झाली आणि भाच्यांचा हा राजमार्ग बंद झाला. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर तिच्यात पास झालेले पहिले हिंदी गृहस्थ, आणि त्यांची पुढची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली.

पण प्रत्येक परीक्षेत एक मेख ठेवलेली असते. इथं ती चार पायांची होती. सिव्हिल सर्व्हिसला घोड्यावर बसण्याची परीक्षा होती. अरविंद घोष १८९० साली अकरावे आले. ग्रीक, लॅटिन सगळं झालं. घोड्याच्या परीक्षेला मात्र ते वेळ देऊनही हजर झाले नाहीत आणि १८९२ साली त्यांचं नाव कटलं. त्यांना ती नोकरी मुळात नकोच होती, असं नंतर कळलं. योगायोगाने बडोद्याचे सयाजीराव गायकवाड तेव्हा लंडनला होते. त्यांनी या तरुणाला दोनशे रुपये पगारावर बडोद्याला आणलं. घोड्याबद्दल चौकशी केल्याचं कुठं नमूद नाही.

सयाजीरावांना माणसाची पारख असायचं कारण उघड होतं. ते स्वतः मुलाखतीतून आलेले! १८७५ साली बडोद्याची गादी रिकामी झाली. महाराणी जमनाबाईंना दत्तक घ्यायचा होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावची गायकवाडांची मुलं बडोद्याला आणली गेली. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, इथं कशासाठी आलास? बाकीची मुलं चाचरली. बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, राज्य करायला, असं सांगतात. गोष्टीत मागाहून थोडं तिखटमीठ पडलं असेल, पण आजवरच्या मराठी मुलाखतीतलं याहून नेमकं उत्तर मी ऐकलेलं नाही. आमच्याकडे 'तुम्हाला ही नोकरी का हवी' म्हटलं की उमेदवार देशसेवेवर घसरत. 'पगार करायला' असं एकानेही सांगितलं नाही.

प्रश्न विचारून माणूस ओळखण्याचा सोस एडिसनने अगदी टोकाला नेला. विजेच्या दिव्याचा तोच एडिसन. १९२१ साली त्याने आपल्याकडे नोकरीला येणाऱ्या पदवीधरांसाठी दीडएकशे प्रश्नांची यादी केली. फ्रान्सच्या सीमेला कुठले देश लागून आहेत? कपडे धुण्याची यंत्रं सर्वांत जास्त बनवणारं अमेरिकेतलं शहर कोणतं? वीस बाय तीस बाय दहा फुटी खोलीतल्या हवेचं वजन किती? बहुतेक सगळे नापास. त्यातल्या एकाने आठवतील तेवढे प्रश्न वर्तमानपत्रात छापून आणले आणि अमेरिकेत घरोघर जेवणाच्या टेबलावर परीक्षा सुरू झाल्या. आइन्स्टाइन त्याच सुमारास बॉस्टनला गेला होता. त्याला पत्रकारांनी यादीतला म्हणून ध्वनीचा वेग विचारला. तो म्हणाला, असल्या गोष्टी मी डोक्यात ठेवत नाही, त्या पुस्तकात मिळतात. म्हणजे आइन्स्टाइनला एडिसनकडे नोकरी मिळाली नसती. दोघांचंही त्यावाचून अडलं नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्याच वर्षी, १९२२ साली, हॉलिंगवर्थ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बारा मुरब्बी सेल्स मॅनेजर घेतले, सत्तावन्न उमेदवार घेतले. प्रत्येक मॅनेजरने प्रत्येकाला भेटून क्रम लावायचा. निकाल बघता एकाचा हिरा दुसऱ्याच्या यादीत तळाशी पडलेला. बारा साहेब, बारा निकाल. उमेदवार मात्र तेच सत्तावन्न.

हे सगळं मला १९७४ साली ठाऊक असतं तर फार बरं झालं असतं. त्या वर्षी मी बी.कॉम. सेकंड क्लास झालो आणि मुंबईतल्या एका मोठ्या ऑफिसातून कॉल आला. ऑफिसचं नाव सांगत नाही, तिथून अजून पेन्शन येते.

कॉल माझा, पण तयारी आमच्या चाळीने केली. सर्टिफिकेटांच्या ट्रू कॉप्या काढून त्यांवर गॅझेटेड ऑफिसरच्या सह्या घेणं हे तळमजल्याने अंगावर घेतलं. पहिल्या मजल्याने शिकवलं, की 'बसा' म्हटल्याशिवाय बसायचं नाही आणि 'या' म्हटल्यावर थांबायचं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या काकांनी टाय दिला. त्याची गाठ त्यांच्या लग्नात, १९६१ साली, त्यांच्या साहेबांनी स्वतः मारलेली होती. तेरा वर्षं ती कुणी सोडलेली नव्हती. टाय तसाच गळ्यात सरकवायचा आणि तसाच परत करायचा, या अटीवर तो मिळाला. आईने हातावर दही घातलं. शकुन म्हणून समोर पाण्याची कळशी घेऊन शेजारच्या काकू दोनदा आल्या, कारण पहिल्यांदा माझं लक्ष नव्हतं.

चर्नी रोडला गाडीत चढताना कुणाच्या तरी छत्रीत अडकून ती ऐतिहासिक गाठ सुटली.

ऑफिसच्या बाकावर मी अठरा नंबरला, गळ्यात गळफासासारखी पट्टी घेऊन बसलो होतो. सतरा नंबरने माझ्याकडे बघितलं, काही न बोलता टाय काढून घेतला, स्वतःच्या गुडघ्यावर गाठ मारली आणि परत माझ्या गळ्यात घातला. काकांच्या साहेबांपेक्षा झकास गाठ. माझ्याच वयाचा असेल. शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली, पण इस्त्री कडक. हातात वही. वहीत सगळ्या जगाच्या राजधान्या.

"अप्पर व्होल्टा?" त्याने विचारलं.

मी गप्प.

"ऊगाडूगू. लिहून घे. यंदा विचारतातच."

तासाभरात त्याने मला अर्धी आफ्रिका शिकवली. मग त्याचं नाव पुकारलं. तो आत गेला आणि दोन मिनिटांत बाहेर आला.

"काय विचारलं?"

"आडनाव. आपण मूळचे कुठले. वडील काय करतात."

"मग?"

"गिरणीत आहेत, म्हटलं."

"मग?"

"या, म्हणाले." तो हसला. माझ्या टायची गाठ पुन्हा एकदा सरळ केली आणि म्हणाला, "घाबरू नकोस, सोपं आहे."

मी आत गेलो. तीन साहेब. मधल्यांनी अर्जावरचं आडनाव वाचलं आणि विचारलं, "आपण मूळचे कुठले?" मी तालुक्याचं गाव सांगितलं. साहेब पुढे झुकले. "तिथल्या हायस्कुलात गणिताला एक मास्तर होते..." मी म्हटलं, "ते माझे मामा." झालं! पुढची दहा मिनिटं साहेबांनी उरलेल्या दोघा साहेबांना मामाच्या छडीच्या गोष्टी सांगितल्या. आपला तळहातही दाखवला. मामा अजून आहेत का, दात आहेत का, फळ्यावर अजून डाव्या हाताने वर्तुळ काढतात का, अशी सगळी चौकशी झाली. मला कळलं, की माझी मुलाखत संपलेली आहे आणि मामाची चालू आहे. ऊगाडूगू माझ्या जिभेवर तसंच राहिलं.

खाली आलो तर सतरा नंबर फाटकाशी उभा.

"काय विचारलं?"

"तेच," मी म्हटलं. "आडनाव, गाव."

"ऊगाडूगू?"

"नाही विचारलं."

मी खोटं बोललो नव्हतो. प्रश्न खरंच तेच होते.

तीन आठवड्यांनी माझी ऑर्डर आली. चाळीत पेढे वाटले. कामावर रुजू झालो त्या दिवशी नव्या पोरांत मी सतरा नंबरला शोधलं. तो नव्हता. त्याच्याएवढ्या राजधान्या येणारंही कुणी नव्हतं. आणि ज्या मामाने मला कधी लिमलेटची गोळी दिली नव्हती, त्याने छत्तीस वर्षांची नोकरी दिली.

पुढे १९८० साली सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला. श्रीनगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशाचं प्रकरण. तिथं दीडशेपैकी पन्नास मार्क मुलाखतीला होते, आणि मुलांची तक्रार अशी, की मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि प्रश्न विचारले ते आईवडील कोण आणि राहता कुठे हे. न्यायमूर्ती भगवतींनी ही पद्धत मनमानीची ठरवली. पंधरा टक्क्यांहून जास्त मार्क मुलाखतीला नकोत, असं म्हटलं. १९८५ साली हरियाणातल्या नेमणुकांच्या खटल्यात हा आकडा आणखी खाली आणून, सर्वसाधारण उमेदवारांसाठी १२.२ टक्क्यांवर बसवला. पहिला निकाल मी ऑफिसात चहा पिता पिता वाचला. टेबलं ओलांडून लोक एकमेकांना विचारत होते, "दोन मिनिटांत काय कळतं हो माणसाबद्दल?" मी काही बोललो नाही. मला दोन मिनिटं आणि दहा मिनिटं, दोन्हींचा अनुभव होता.

यथावकाश मीच त्या टेबलाच्या पलीकडे जाऊन बसलो. तिथून जग वेगळंच दिसतं. समोर पन्नासावा उमेदवार असतो, पंखा घरघरत असतो, चहा यायचा असतो, आणि तोंडातून सगळ्यात आधी काय निघतं सांगू? "आपण मूळचे कुठले?" त्यात दुष्टावा नसतो हो. बोलायला काहीतरी हवं असतं. पण उत्तरात ओळखीचं गाव निघालं की आपण पुढे झुकतो, आणि नाही निघालं की मागे टेकतो. मुलाखत त्या चार इंचांत होते.

म्हणून मी एक खूळ काढलं. पाच प्रश्न, सगळे कामाचे, कागदावर लिहून ठेवायचे. सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. मार्क प्रत्येकाने आपापले द्यायचे, शेजाऱ्याच्या कागदात डोकावायचं नाही. आडनाव, गाव, वडील बंद. सहकारी हसले. म्हणाले, ही काय मुलाखत? हा तर शिरगणतीचा फॉर्म झाला. पुढे वाचनात आलं, की मानसशास्त्राच्या पंडितांनीही शेकडो प्रयोगांनंतर हेच काढलंय : गप्पांच्या मुलाखतीपेक्षा आधी ठरवलेल्या, सगळ्यांना सारख्या प्रश्नांची मुलाखत माणूस जास्त बरा ओळखते. मला प्रयोग ठाऊक नव्हते. मला फक्त सतरा नंबर ठाऊक होता. आणि एवढं करूनही आमच्या तालुक्याच्या एका पोराला माझ्या हातून दोन मार्क जास्त गेले. त्याने बोलताना आमच्याकडचा हेल काढला, मी काय करणार?

१ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने खालच्या श्रेणीच्या नोकऱ्यांतून मुलाखतच काढून टाकली. पेंशनरांच्या कट्ट्यावर त्यावर फार वाद झाला. काहीजण म्हणाले, माणूस न बघता नोकरी? मी म्हटलं, बघून काय दिवे लावले?

एवढ्यात नातवाने कानांतली बोंडं काढली. इंटरव्ह्यू संपला होता.

"सॉरी आजोबा. टिप्स राहिल्याच."

मी म्हटलं, "ऐक. स्वतःचा अर्ज दोनदा वाच, साहेबांनी तो तेवढाच वाचलेला असतो. त्या कंपनीत काम काय चालतं ते आधी कळून घे. माहीत नसेल तर सरळ माहीत नाही म्हण. थाप पकडली गेली की बाकीची खरी उत्तरंही गेली. आणि खाली पूर्ण पँट घालत जा, बोलण्यात फरक पडतो." मग जरा थांबून विचारलं, "तुझा तो कॉम्प्युटर आडनाव, गाव विचारत नाही ना?"

"नाही हो, त्याला काय करायचंय गावाशी? पण गडबड तिथंही होते. ॲमेझॉनने अर्ज चाळायचं असंच एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. आधीच्या दहा वर्षांत आलेल्या अर्जांवरून ते शिकलं. त्यांत पुरुष जास्त. तर ते बायकांच्या अर्जांना कमी मार्क द्यायला लागलं. मग बंद केलं त्यांनी. २०१८ साली पेपरात आलं होतं."

"म्हणजे मामा आत बसलेलाच आहे म्हणायचा!"

"कुठला मामा?"

मग मी त्याला चाळ, दही, टाय, छत्री सगळं सांगितलं. या खेपेला बोंडं टेबलावरच राहिली. ऊगाडूगूपाशी तो हसला. म्हणाला, अप्पर व्होल्टाचं १९८४ साली बुर्किना फासो झालं, पण राजधानी अजून तीच आहे. मला आनंद झाला. पन्नास वर्षं जपलेली वस्तू अजून चलनात असल्याचा असतो तसा. आजवर ते मला कुणी विचारलेलं नाही.

गळ्यातला टाय सोडता सोडता नातू थांबला.

"आजोबा, सतरा नंबरचं पुढे काय झालं?"

"माहीत नाही," मी म्हटलं.